मातीतून दिलेला चेंडू

संस्थानाच्या काळात लष्कर नावाच्या आमच्या शहरात आमच्या जातीच्या पोरांची क्रिकेटची टीम होती, असं सांगितलं की आता लोक हसतात. हसोत बापडे. मी ती टीम पाहिली आहे आणि अजूनही दुपारी अंगण सामसूम झालं की बॅटचा टोला कानात वाजतो. बाहेर जाऊन पाहते. कुणी नसतं.

चेंडू शिवायचे आमचे बाबा. मेलेल्या जनावराचं कातडं आमच्या दारात कमावलेलं, दोरा बाबांनी तोंडात ओला केलेला. त्या चेंडूचा विटाळ नई सडकेवरच्या बड्या घरांतल्या खेळाडूंना कधी झाला नाही. विटाळ आमच्या हाताचा. त्यांच्याशी खेळताना चेंडू परत द्यायचा तर आमच्या पोरांनी तो जमिनीवर ठेवून मागे सरायचं, मग त्यांनी उचलायचा. मातीतून गेला की शुद्ध! हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे.

एवढं सोसूनही टूर्नामेंटमध्ये आमच्या टीमला पाय ठेवू देत नव्हते. त्या वर्षी बड्यांचा एक बोलर आजारी पडला आणि त्यांच्या कप्तानांनी माझ्या धाकट्या भावाला बोलावलं. आग्र्याच्या टीमशी सामना होता. कप्तान म्हणाले, "ही मॅच हरू देऊ नकोस, अगले साल तुझी पूरी टीम टूर्नामेंटमध्ये खेळेल. जबान देतो."

आम्ही बायका लिंबाखाली उभं राहून पाहत होतो. भावानं बोलिंग अशी केली की आग्रेवाले रडकुंडीला आले. त्यांची शेवटची जोडी उरली, जिंकायला एकच धाव हवी. फलंदाजानं चेंडू हळूच ढकलला आणि दोघं पळत सुटले. भावानं झेप घेऊन चेंडू उचलला. स्टंपांपाशी कप्तानच कीपर होते आणि पळणारा अजून बराच लांब होता. भाऊ धावत त्यांच्यापाशी गेला, स्वतः स्टंप उडवायचे सोडून वाकला, चेंडू त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि मागे सरला.

कप्तान खाली वाकेपर्यंत धाव पूर्ण झाली होती.

मग कुणीतरी ओरडलं, "बिक गया!" आणि सगळे तेच ओरडू लागले. भाऊ आपल्या हातांकडे पाहत उभा होता. टूर्नामेंटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आमची टीम पांगली; कुणी पलटणीत गेलं, कुणी गिरणीत.

काही दिवसांनी कप्तान एकटेच आमच्या दारात आले. "भांडायला नाही आलो," म्हणाले. "हातात का नाही दिलास?"

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "साहेब, दिला असता तर घेतला असतात?"

ते म्हणाले, "पता नहीं रे. खरंच माहीत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, हो म्हणा, नाही म्हणा! नाही म्हणाले असते तर दोष त्यांचा ठरला असता आणि माझा भाऊ सुटला असता. त्या अर्धवट उत्तरानं त्याला जन्मभर छळलं. जेवताना हात थांबायचा, चपलेला टाका घालताना थांबायचा आणि तो विचारायचा, "ताई, घेतला असता का गं त्यांनी?"

"नसता घेतला," मी दर वेळी सांगायची. "शक्यच नाही. तू वेडा आहेस का?"

मग त्याचा जीव थोडा शांत व्हायचा. तो गेला त्या दिवशीही मी त्याला हेच सांगितलं. पण लिंबाखालून मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. भाऊ वाकला तेव्हा कप्तानांचे दोन्ही हात त्याच्याकडे पुढे आलेले होते, उघडे.