अर्धी मिशी

पोपटराव गेले, त्याला आज पंधरा दिवस झाले. मला अजून खरं वाटत नाही.

सदाशिव पेठेत माझ्या खोलीखाली त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक पंखा. ते साठीचे. मी मराठीत एम.ए. झालेला, बेकार. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "साहित्यात दाढी करायला शिकवतात का हो?" आमची मैत्री तिथून सुरू झाली.

सोमवारी सलून बंद. त्या दिवशी ते स्कूटरवरून येरवड्याच्या वस्तीत जायचे. ज्यांना घरचेही हात लावत नाहीत, अशा आजाऱ्यांच्या दाढ्या करायला. प्रत्येकाला नवं ब्लेड, धुतलेला टॉवेल. हळूहळू मीही मागे बसू लागलो, पाण्याचा डबा मांडीवर घेऊन.

शेवटचं घर सोनबांचं. त्यांचा कुष्ठरोग औषधांनी कधीच बरा झाला होता. झडलेल्या भुवया आणि झिजलेली बोटं परत आली नव्हती. वेगळा राहायला गेलेला मुलगाही आला नव्हता. ते दार फक्त पोपटरावांना उघडत. पाय बधिर, खिळा घुसला तरी कळायचं नाही. म्हणून दाढी झाली की पोपटराव त्यांचे तळपाय उलटून बघायचे. जखम दिसली की दवाखान्यातल्या दीपमाला सिस्टरना फोन.

एका सोमवारी टाचेला भोक दिसलं. सिस्टर दुसऱ्या दिवशी येणार होत्या. निघताना मी, सलूनमध्ये धरतात तसा, सोनबांसमोर आरसा धरला. कौतुकानं.

सोनबांनी तो हातानं उडवला.

"उचला सामान. पुन्हा यायचं न्हाई."

मंगळवारी सिस्टर दार वाजवून परत गेल्या. बुधवारी आम्ही गेलो. दाराच्या फटीतून वास येत होता.

"पाय जाईल," पोपटराव म्हणाले.

"दार तोडू या."

"आणि पुढच्या सोमवारी कोण उघडेल?"

त्यांनी मला उंबऱ्यावर बसवलं, ओठावर साबण लावला आणि माझी डावी मिशी साफ काढली. उजवी ठेवली.

"सोनबा," ते दाराला म्हणाले, "चूक या पोराची. उरलेली मिशी तुम्ही दार उघडाल तेव्हा."

"अहो, उद्या माझी मुलाखत आहे!"

"उजव्या बाजूनं बस, साहित्यिक."

मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला, तोही मिशीबद्दल. बसमध्ये एका मुलीनं माझा फोटो काढला. दुपारी पुन्हा सोनबांचा उंबरा. सलूनला दोन दिवस कुलूप. पोपटराव दाराला टेकून वस्तीच्या गप्पा सांगत होते, जणू आत कोणीतरी हुंकार देत होतं.

शुक्रवारी आतून आवाज आला.

"लोकं बघत्यात का रं तुझ्याकडं?"

"बघतात."

"हसत्यात?"

"हसतात. मेसमध्ये शेजारचा ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसला."

 मग कडी निघाली.

"आत या. पोपटा, आधी त्याचं पुरं कर. बघवंना."

सिस्टर अर्ध्या तासात आल्या. ड्रेसिंग दोन महिने चाललं. पाय वाचला. आरसा पोपटरावांनी पेटीतून काढून टाकला. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

या महिन्यात एका रविवारी, खुर्ची पुसता पुसता ते कोसळले. दुसऱ्या दिवशी मी त्यांची पेटी घेऊन येरवड्याला गेलो. का, ते ठाऊक नव्हतं. सोनबांनी दार उघडलं, माझ्यामागे कोणी आहे का पाहिलं. मी सांगितलं. ते खाटेवर बसले. मग त्यांची नजर पेटीवर गेली.

"तुला येती का दाढी करता?"

"नाही."

"मग शिक."

त्यांनी हनुवटी वर केली.  गालावर दोनदा कापलं. "पोपट असता तर तुझ्या हातातनं वस्तरा काढून घेतला असता," ते म्हणाले.

टॉवेलनं तोंड पुसलं. मग त्यांनी स्वतःच पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.