तिरप्या उन्हातली गाडी

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत बसले होते. तिच्या यजमानांचाच फोन. “कुसुमताई, शकू गेली हो... चहा ठेवतो म्हणून उठली, अन् परत खुर्चीत बसली ते बसलीच.” मला रडू यायच्या आधी राग आला. जन्मभर सगळं तोंडावर सांगणारी बाई, आणि जाताना एका शब्दाने बोलली नाही.

आम्ही मेहकरच्या शाळेतल्या मैत्रिणी. लग्नानंतर तिने नवऱ्याबरोबर फोटो स्टुडिओ टाकला. मोबाइल आले, लग्नाची कामं आटली, तेव्हा ही गाड्यांच्या फोटोंकडे वळली. कुणाची नवी गाडी पूजेची, कुणाची जुनी विकायची. हौशी पोरं शिकायला यायची, त्यांना ती हिवरा आश्रमाच्या रस्त्यावरच्या मोकळ्या माळावर न्यायची आणि मनसोक्त रागवायची. “आधी गाडी धू, मंग फोटो काढ.” “टपावर खांब उगवला काय बे? दोन पावलं सरक.” “चकचकीत दारात तूच दिसून राह्यला, गाडीचा फोटो काढतो का सोताचा?” चाक जरा वळवून ठेवा, दिव्याच्या उंचीला खाली बसा, आणि भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका, हे तर ती येताजाता सांगायची. दुपारच्या उन्हात सगळ्याच गाड्या सारख्या दिसतात म्हणे. गाडीचं अंग दिसतं ते दिवस कलल्यावर, बाजूने ऊन आलं की.

दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या सणाला माझी लेक रंजू माहेरी आली होती. कडेवर वर्षाची नात. जावई बुलढाण्याहून गाडी घेऊन आले होते. ती बाभळीला घासली होती म्हणे, रंग मारून घेतला होता आणि आता विकायची होती. फोटो दुपारीच काढा, झकपक दिसते, असा त्यांचा हट्ट. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. सणाचा जावई रुसला तर त्याचे चटके लेकीला बसतात, हे कोणत्या आईला सांगावं लागतं? मी शकूला हळूच म्हटलं, काढून टाक बाई दुपारी. ती म्हणाली, “जावई तुह्या घरचा हाय, उन्हाचा नाही.”

संध्याकाळी आम्ही माळावर गेलो. शकू मागच्या दिव्यापाशी उकिडवी बसली, डोळ्याला कॅमेरा लावला... आणि तशीच राहिली. बराच वेळ बटण दाबल्याचा आवाज नाही. मग उठून टाचा उंचावून तिने टपावरून नजर फिरवली. जावई घड्याळ पाहू लागले. शकू गप्प बसली की काहीतरी होणार, हे मला लहानपणापासून ठाऊक.

“रंजू, इकडे ये. बस इथं. दारावरून पाह्य.”

“मावशी, तुम्ही फोटो काढा न, तिले काय दाखवता?” जावई म्हणाले.

रंजू नातीला घेऊन खाली बसली. तिच्यामागे मीही वाकले. दारापासून टपापर्यंत सगळा पत्रा वाळत घातलेल्या पापडासारखा वर-खाली झालेला. रंगाखाली पोचे बुजवायची पुट्टीच पुट्टी.

“बाभळीले घासली नाही हे,” शकू म्हणाली. “पलटली हाय. खालून काय झालं ते देव जाणे. विकायचं तुमचं तुम्ही पाहा. पण उद्या ही पोरगी लेकरू घेऊन याच्यातच बसणार हाय.”

जावयांचा चेहरा उतरला, मग तापला. “बस गाडीत,” ते रंजूला म्हणाले. तिच्या बाजूचं दार उघडं टाकून ते स्टिअरिंगवर जाऊन बसले.

रंजू हलली नाही. “अहो, मी उद्या बसनं येते,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, संपलं. आता हिचा संसार मोडला.

गाडी एकटीच धुरळा उडवत गेली. शकूवर मी इतकी चिडले होते की घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पुढे जावयांनीच ती गाडी गॅरेजात वर चढवून पाहिली. सांगाडा चिरलेला निघाला. गाडी भंगारात गेली, संसार टिकला. जावई मात्र शकूच्या दारात पुन्हा कधी गेले नाहीत. परवा शकू गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा आमच्याबरोबर आले, आणि बाहेरच्या ओट्यावर मान खाली घालून बसून राहिले.

शकूच्या यजमानांनी तिच्या कॉम्प्युटरमधले जुने फोटो काढून दाखवले. त्या संध्याकाळचा एकच होता, आणि त्यात गाडीचा नुसता कोपरा. शकूने रंजूचा फोटो काढला होता. उघड्या दारापासून दोन हात लांब, लेकरू छातीशी घट्ट धरून उभी. ओठ भीतीने पांढरे पडलेले, पण पाय जमिनीत रोवलेले. तो मी आता घरी आणून लावला आहे. माझ्या लेकीचा हा चेहरा मी पाहिलाच नव्हता. त्या वेळी मी जावयांच्या तोंडाकडे बघत होते.