गोरं करून मिळेल

"अजून ओढ. लाजतेस काय?" सर म्हणाले.

मॉनिटरवर माझाच चेहरा. माऊस माझ्याच हातात. मागे मांडव्याकडच्या बंगल्यातल्या मायलेकी बसलेल्या. लेकीच्या साखरपुड्याचे फोटो घेऊन आल्या होत्या आणि आईला एकच घोर, लेक सावळी दिसते. सर म्हणाले, "मॅडम, ही आमची थळची कोळीण. हिला गोरी करून दाखवतो, मग तुमच्या मुलीचं काय घेऊन बसलात." त्यासाठी माझा ओळखपत्राचा फोटो मलाच उघडायला लावला.

मी एक्स्पोजर वर नेलं. सावल्या उजळल्या. कातडीतला नारिंगी आणि पिवळा रंग खाली ओढत गेले. नाकाची कड गेली. गालावरचा व्रण गेला. उरलं ते पिठाचं तोंड.

"बघ," बाई म्हणाल्या, "आता कशी चांगल्या घरची वाटतेस."

लेक हसली. सर हसले. मीही हसले. नोकरी नवी होती.

अलिबागेतला स्टुडिओ. सर स्वतः गोरे. बापानं मागं ठेवलेलं तेवढं एकच भांडवल, आणि त्यावर माणूस किती माजतो ते मी रोज बघायचे. त्या दिवशीचे बदल त्यांनी तयार सेटिंग म्हणून साठवून ठेवले. एक क्लिक, की कुणाचाही फोटो तसाच धुऊन निघायचा. सेटिंगला नाव दिलं 'कोळीण'. फार विनोदी माणूस. सावळं गिऱ्हाईक आलं की काउंटरवरून हाक यायची, "कोळीण लाव गं." मास्तरांना लावली, नवरदेवांना लावली, एका पुढाऱ्याच्या बॅनरला लावली. पांढरं तोंड घेऊन सगळे खूश होऊन जायचे. जातीचं नाव माझं, पुसायचा रंग माझा, आणि बोटही माझंच.

मग आमच्याच कोळीवाड्यातल्या एका लग्नाचे फोटो आले. अल्बमसाठी निवड करायला नवरीची आई आणि आत्या माझ्या शेजारी बसल्या. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. अख्खा वाडा जमतो, धवलारीण गाणी म्हणते, नवरी नखशिखांत पिवळी होते.

सरांनी काउंटरवरून हाक दिली. समोर कोळणीच बसल्यात याची लाज सोडा, त्यांना दखलही नव्हती. "काळ्या दिसतायत सगळ्या. कोळीण लाव."

मी लावली. सवयीनं.

पिवळा रंग खाली गेला आणि हळदच उडाली. कपाळावरची, हातांवरची, सगळी. गळ्यातलं सोनं चांदीसारखं दिसायला लागलं. पाटावर एक पांढरीफटक बाई बसली होती.

आत्यानं मॉनिटरजवळ तोंड नेलं. मग आत्या म्हणाली, "आमची पोर हलदीला बसलीय का मर्तिकाला?"

सर लांबूनच म्हणाले, "अहो मावशी, गोरी झाली पोरगी. उपकार माना."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे वळली. "तू आपल्या वाड्यातली ना गो? तुझ्या डोल्यांना दिसलं न्हाय?"

दिसत होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. अंगाची लाही लाही झाली, पण आत्याच्या बोलण्यानं नव्हे.

मी बदल मागे घेतले. हळद परत आली. सर उठून जवळ आले.

"लाव परत."

"न्हाय लावनार."

त्या स्टुडिओत मी घरच्या बोलीत बोललेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांच्या डोळ्यांदेखत ते सेटिंग काढून टाकलं.

"एका मिनिटात परत बनवीन," सर म्हणाले.

"बनवा. नाव तेवढं तुमच्या घरातल्या कुणाचं द्या."

पर्स उचलली आणि निघाले.

आता मी वाड्यातच फोटोचं काम करते. सर सुटले, गोरेपणाचं वेड सुटलेलं नाही. आमच्याच बायका येतात आणि म्हणतात, "जरा उजल कर गो, पोरीला बघायला येनार हायत." त्यांचा मला सरांइतकाच राग येतो. सरांचं ते सेटिंग कॉम्प्युटरमधून गेलं, आमच्या डोक्यात अजून आहे. त्या बायकांना मी तोंडावर नाही म्हणते. फोटो अंधारात काढला असेल तर उजेड वाढवीन. धूसर असेल तर नीट करीन. कातडीला हात लावणार नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. लेकीचं लग्न अडलंय म्हणून कुणी पाया पडलं, तरी नाही.