पुसलेल्या सह्या

"तिथंच ठेव. पायरीवर."

कर्जतचा वकील ओसरीवर टेबल मांडून बसला होता. मी कागद पायरीवर ठेवला. मागं सरलो. त्यानं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, कागदावर शिंपडलं आणि मग उचलला.

शाई फुटली. माझ्या डोळ्यांदेखत सात सह्या निळ्या डागांत बुडाल्या.

आम्ही खालापूरकडच्या एका महारवाड्यातले. खाणीत खडी फोडायचो. रस्त्याच्या खडीचं काम ठेकेदार घ्यायचा, घण आमचा चालायचा. ते काम सरळ आपल्याच नावावर घ्यायचं म्हणून दहा जणांनी मजुरांची सोसायटी काढायचं ठरवलं. नोंदणीला अर्ज हवा, पोटनियम हवेत, एवढं ऐकून होतो. ते लिहायला वकीलच लागतो, असं ठेकेदाराच्या मुकादमानं सांगितलं. आम्ही खरं मानलं. वकील म्हणाला, आधी दहा जणांच्या सह्या आणा.

मी चौथी पास. वर्गाबाहेर बसून, पण पास. दोन महिने दुपारच्या सुट्टीत काळ्या दगडावर खडूनं एकेकाला त्याचं नाव लिहून दिलं. घण धरणारे हात. अक्षर वळेना. सखातात्या आमच्यात सगळ्यात थोरले. त्यांचा 'ख' रोज मोडायचा. तरी सात जण सही करायला लागलो. तिघांनी अंगठे दिले.

ते तीन अंगठे पाण्यात तसेच राहिले. काळे, ठसठशीत. वकिलानं कागद उजेडात धरला आणि हसला.

"बघ. अंगठेच टिकतात तुमचे. सह्या कशाला शिकता?"

सखातात्या शेजारी उभे होते. त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं, साहेब. दुसरा करून आनतो."

काय चुकलं? कुणाचं?

"तात्या, हात खाली घ्या." मग मी वकिलाकडं सरळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. "पानी तुमी टाकलंत. आमचं काय चुकलं नाय."

तो ताडकन उठला. "माझ्या दारात मला शिकवतोस? या तालुक्यात तुझा कागद कोण लिहितो तेच बघतो."

"मी लिवतो."

तोंडातून निघून गेलं. त्यानं कागद अंगणात भिरकावला. तात्या उचलायला वाकले. मी त्यांचा दंड धरला. तसेच निघालो.

वाटेत तात्या एवढंच म्हणाले, "ठेकेदाराला कळलं तर उद्या काम बंद रं." बंद झालंच. सकाळी मुकादमानं आम्हा दहा जणांना खाणीवरून हाकललं.

मी अलिबागला गेलो. खोपोलीहून पेण, पुढं खाडी ओलांडून. सोसायट्यांच्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, वकील कुठला करू?

त्यानं मान वर केली. "वकील कशाला? हा नमुना घे. उतरवून काढ."

वकील लागतच नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. असं आणखी काय काय आम्हाला सांगितलं गेलं होतं, आणि आम्ही मुकाट मानलं होतं?

अर्ज दोनदा परत आला. एकदा पोटनियमातलं कलम राहिलं म्हणून, एकदा सभेचा ठराव जोडला नाही म्हणून. मी पुन्हा लिहिला. पुन्हा गेलो. तोवर बायकांनी मोळ्या विकून चुली पेटत्या ठेवल्या. तिसऱ्या खेपेला सोसायटी नोंदली गेली.

लगेच वकिलाचा निरोप आला. सोसायटी चालवायला जाणता माणूस लागतो, माझ्या पुतण्याला सेक्रेटरी करा, मागचं मी विसरतो.

सभेत सखातात्या उठले. हात जोडलेले नव्हते. माझ्याकडं बोट केलं. "सेक्रेटरी आपला हाय. लिवून कळीव रं त्याला."

मी एकच ओळ लिहिली. जागा रिकामी नाही.

मागचं तो विसरेल. मी विसरणार नाही. आमच्या वस्तीतली प्रत्येक पोरगी, प्रत्येक पोरगा कायदा वाचायला शिकेल. कायदा काय म्हणतो हे विचारायला आम्ही कुणाच्या दारात जाणार नाही. आम्ही वाचू. आणि वाचलेलं मागू.