जायफळ घातलेली बासुंदी

"फूड पॉयझनिंग," जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे अन्नातून झालेली विषबाधा. पलीकडे बायकांच्या खोलीत माझी थोरली बहीण, अक्का, त्याच दुखण्यानं निपचित पडली होती. आम्हाला विष कोणी चोरून घातलं नव्हतं. आम्ही ते मुकाट्यानं गिळलं होतं.

आमचं गाव धरणगावजवळ. चुलते नाना तिथले पाटील. मामलेदार जेवायला येणार म्हणून त्यांनी बासुंदी आटवून घेतली. साहेब एक दिवस उशिरा आले. ऐन वैशाखात पातेलं तसंच झाकून राहिलं. साहेबांच्या आधी कोणी चाखायची नाही, असा नानांचा हुकूम.

विधवा अक्का नानांकडेच राहायची, स्वयंपाक तिच्याकडे. तिनं झाकण काढलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "नाना, हाई बासुंदी नासेल शे." म्हणजे नासली आहे.

पंगतीला माणसं जमली होती, आणि पाहुण्यांसमोर नाना कचेरीतली मराठी बोलत. "पुन्हा उकळ, जायफळ घाल. आणि एवढी शंका असेल तर तूच खाऊन दाखव."

तिनं सगळ्यांदेखत वाटी संपवली.

साहेबांनी गोड वर्ज्य असल्याचं सांगून नुसता चहा घेतला. मला जायफळाखालचा आंबूस वास आला होता. तरी नाना बघताहेत म्हणून मी दोन वाट्या खाल्ल्या. मी शाळामास्तर, मुलांना आरोग्याचे धडे देणारा. त्या पंगतीत माझ्याइतका भेकड दुसरा नव्हता.

संध्याकाळी उलट्या, जुलाब सुरू झाले. सगळ्यांत जास्त त्रास अक्काला आणि मला; दुसऱ्या दिवशी आम्हाला जळगावला आणलं. शिरेतून सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, दिलं.

मी जरा बसता झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. "दूध नासवतात ते बॅक्टेरिया, डोळ्यांना न दिसणारे जंतू. पाण्याच्या मदतीनं ते दुधातली साखर, स्निग्धांश फोडतात. त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. आपलं पोटही अन्न असंच फोडतं. पण काही जंतू मागं विष ठेवतात. उकळल्यावर जंतू मेले, विष राहिलं."

तिसऱ्या दिवशी अक्का गेली. अंगातलं पाणीच संपलं होतं.

नाना आले, पण तिचं तोंड बघायला नव्हे. डॉक्टरांना म्हणाले, "पटकीच्या रोगानं, कॉलऱ्यानं गेली असं लिहा. आमच्या घराची अब्रू आहे."

"झालं तेच लिहीन," डॉक्टर म्हणाले.

नाना माझ्याकडे वळले. "मास्तर, तू सांग यांना."

"मी सांगितलंय," मी म्हणालो. "बासुंदी नासली होती हेही, आणि ती अक्काला कोणी खायला लावली तेही."

नाना टोपी सारखी करत निघून गेले.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला जगवलं आणि अक्काच्या नावापुढं खोटं लिहू दिलं नाही. तुमच्या पानात असं काही आलं, तर कोण बघतंय याचा विचार करू नका. पान सारून उठा.

मी नानांकडे पुन्हा जेवलो नाही. साहेबलोक मात्र अजून तिथं येतात, आणि नाना वाढायला उठले की माणसं अजून वाटी पुढं करतात.