झाकण उचलायचं नाय

सासरी माझ्या पहिल्याच चहाला नाव पडलं, आजाऱ्याचं पाणी. मी दांडीची, समुद्राकाठची. सासरची माणसं कोल्हापूरकडची, सासऱ्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरला आलेली. त्यांच्याकडे दूध, साखर, पावडर एकदम ठेवायचं आणि तीनदा वर येईपर्यंत उकळायचं. चांगला लागतो, नाही कशाला म्हणू? पण आमच्याकडे पाण्याला उकळी आली की भांडं खाली. मग पत्ती, गवती चहा आणि वर झाकण. दूध शेवटी, तेही असलं तर. तोवर गप्पा मारत बसायचं.

लग्नानंतर आई पहिल्यांदा आली ती दोन रिक्षा बदलून, अंगणातल्या गवती चहाची जुडी घेऊन. सासूबाईंनी अख्खी जुडी आधणात टाकली आणि काळं होईस्तोवर उकळली. कडूजहर! वर सगळ्यांसमोर हसल्या, "विहीणबाई, तुमच्याकडचा चहा म्हणजे काढाच की हो!" आईपण हसली. पण निघताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाली, "आता तूच येत जा बाय. मी नाय यायची."

असा संताप आला म्हणून सांगू! माझी आई माझ्या घरी येणार नाही, तेही एका चहापायी? मी फोनवर भांडभांड भांडले, तेव्हा कुठे ती पुन्हा आली. जुडी आणली होती, पण पिशवीतच ठेवलेली. ती मी काढून घेतली आणि गॅससमोर उभी राहिले.

"आज चहा मी करणार."

"अगं, पाहुण्यांना काय तसला पाणचट द्यायचा?"

"हो, तसलाच."

पाणी उकळलं, गॅस बंद केला, पत्ती आणि पाला टाकला, झाकण ठेवलं. सासूबाईंचा हात पुढे आला. मी झाकणावर हात दाबून धरला. चटका बसत होता, तरी काढला नाही. "झाकण उचलायचं नाय!"

बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "उकळला का?"

"उकळणार नाहीये. बसा जरा."

मग मी कप भरले. सासूबाईंनी एक घोट घेतला, "पाणचटच आहे," म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

आईने स्वतःचा चहा सावकाश संपवला. मग सासूबाईंचा कप पुढ्यात ओढला, तोही प्यायली.

"पुढच्या टायमाला," ती म्हणाली, "पाला जास्त आणते."