छतावरचा डाग

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावरचा तो तपकिरी डाग मामांनी पाडलेला नाही. तो मी पाडलाय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. कुणी जेवायला आलं की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बोट वर करून दाखवायच्या. "ह्ये बघा, आमच्या इंजिनेरांची कारागिरी."

सगळे हसायचे. मामाही हसायचे.
मी वाढत राहायचे.

मामा माझे सासरे. आज त्यांना जाऊन एक महिना झाला.

टॉवेलच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर आल्याची बिअर घरी करायला लागले. त्या नावावरून गल्लीत बरंच बोलणं झालं.
शेजारच्या काकूंनी मला विचारलंच, "तुमचे सासरे घरातच काढतात म्हणं?"
मामांनी त्यांना एक ग्लास नेऊन दिला. काकूंना चढलं काही नाही, ढेकर तेवढा आला.

आलं, गूळ, लिंबू. ते आंबलं की आपोआप गॅस तयार होतो. टाकीचं तोंड बंद ठेवलं की तो गॅस आतच मुरतो.

भंगारवाल्याकडून त्यांनी स्टीलचे दोन केग, म्हणजे बिअरच्या बंद टाक्या, आणले होते. एकात आंबवायचं, गार करायचं, मग वरचं स्वच्छ पेय दुसऱ्यात घ्यायचं. गाळ पहिल्यातच राहतो.

हे काम नाजूक. नुसती नळी जोडून चालत नाही. रिकाम्या टाकीत कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरमधून आधी तेवढाच गॅस भरायचा. दोन्ही टाक्यांवरच्या मीटरचे काटे एका जागी आले, की मग नळी उघडायची. तेव्हा पेय गुपचूप उतरतं. नाहीतर नुसता फेस होतो.

मामा याला "दाब सारखा करणं" म्हणायचे.

दर महिन्याला एका रविवारी हे चालायचं. भरलेली टाकी ओट्यावर, रिकामी खाली फरशीवर. मी नळी धरायचे. आम्ही दोघंही कमी बोलणारे. तासाभरात तीन-चार वाक्यं व्हायची.

"स्मिता, हात लावून बघ. गार कुटपर्यंत आलंय?"

स्टीलच्या टाकीत आतलं दिसत नाही. बाहेरून हात लावला की जिथपर्यंत गार लागतं, तिथपर्यंत भरली.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मामा देवळात गेले होते. मला शाळेत मीटिंग होती. म्हटलं, ते यायच्या आत आपणच भरून टाकू.

गॅस भरलाच नाही. शिवाय रिकाम्या टाकीची शिट्टीही उघडी राहिली. सेफ्टी व्हॉल्व्हला मामा शिट्टी म्हणायचे, कुकरसारखी.

नळी उघडली आणि त्या शिट्टीतून फेसाची चिळकांडी थेट छताला लागली. गुळाचं पाणी. महिन्याभराची मेहनत भांड्यांवर, फोडणीच्या डब्यावर, माझ्या साडीवर.

मी आठवीला दाब हा धडा शिकवते.

मामा दारात आले. वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. चप्पल काढून पोतेरं घेतलं.

तेवढ्यात आत्या आल्या. "ह्ये काय केलंत ओ?"

"घाई झाली माझी," मामा म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्या हातात बादली दिली. "जा, पानी आन."

पाणी घेऊन आले तोवर निकाल लागला होता. मामांच्या टाक्या स्वयंपाकघरातून बाहेर. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्या पत्र्याखाली त्यांनी सहा उन्हाळे काढले. सेकंडहँड फ्रिज ठेवला, दाराला ओलं पोतं बांधलं. मला एकदाही काही म्हणाले नाहीत. रविवारी फक्त हाक यायची, "नळी धरतीस का?"

सांगू सांगू म्हणत राहिले. पहिल्या वर्षी भीती होती. नंतर इतका उशीर झाला, की उशीर का केला हेच सांगता आलं नसतं.

मामा शुक्रवारी टाकी फ्रिजमध्ये ठेवून झोपले. म्हणाले, "रविवारी भरू."
शनिवारी सकाळी उठले नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे गेले. आमचे हे म्हणाले, "शेडमधलं ओतून टाकू का?"

मी नको म्हटलं. दोन्ही टाक्या स्वयंपाकघरात आणल्या. एक ओट्यावर ठेवली, एक खाली.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "परत हितं? त्यांनी छत घालवलं तेवढं बास न्हाय व्हय?"

"आत्या, छत मामांनी नाही घालवलं. मी घालवलं."

सगळं सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यांनी वर डागाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग मी सहा वर्षं कुणाला बोलत हुते?"

 

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, मामांच्या फोटोपुढं. मला ऐकू आलं.

"सांगायचं हुतं की ओ. एकदा तरी सांगायचं."

मी सिलेंडर उघडला. काटा हळूहळू वर आणला. दोन्ही काटे एका जागी आले. शिट्टी बंद आहे का, तीनदा बघितलं.

आत्या परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. "किती येळ लागतो ह्याला?"

"अर्धा तास."

त्यांनी पाट ओढला आणि खालच्या टाकीजवळ बसल्या.

मी नळी उघडली. काही आवाज झाला नाही.

"हात लावून बघा आत्या. गार कुठपर्यंत आलंय?"

त्यांनी तळवा ठेवला. "हितपर्यंत." थोड्या वेळानं, वर सरकवून, "आता हितं."

टाकी भरेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

आज मासिक श्राद्धाला आलेल्या सगळ्यांना एकेक ग्लास दिला. पहिला फोटोपुढं आत्यांनी स्वतः ठेवला. कुणीतरी सवयीनं वर छताकडं बघून हसलं. आत्या हसल्या नाहीत. म्हणून हे लिहिलं. ज्यांनी तो डाग पाहिलाय, त्या सगळ्यांना माहीत असावं.

मामा, नमस्कार करते.
एक थेंब सांडला नाही. या वेळी दाब सारखा होता.